इंजिन ऑइलचा डबा कसा वाचायचा: नव्या कारमालकांसाठी

पहिली गाडी घेतली की कधीतरी ऑइल बदलायची वेळ येते आणि काउंटरवर चार डबे समोर मांडले जातात. चारही डब्यांवर मोठ्या टायपात ५डब्ल्यू-३० छापलेलं, किमती मात्र चार तऱ्हेच्या. कोणतं घ्यायचं असं विचारलं तर “हे टाका, सगळे हेच टाकतात” एवढंच उत्तर मिळतं. त्या काउंटरवर गोंधळून उभं राहावं लागू नये, म्हणून हे लिहितो आहे. त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही. डब्यावरच्या पाच-सहा खुणा वाचता आल्या की निवड आपली आपल्याला करता येते.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डब्यावरचा तो मोठा आकडा ऑइलचा दर्जा सांगत नाही, ऑइल किती पातळ किंवा गाढ आहे एवढंच सांगतो. दर्जा सांगणारी अक्षरं निराळी असतात, आणि ती बहुतेक वेळा मागच्या लेबलवर बारीक टायपात सापडतात. चपलेचा नंबर आणि चपलेचं चामडं या जशा दोन वेगळ्या बाबी, तसंच हे. नंबर बरोबर निघाला म्हणून चामडं चांगलं असेलच असं नाही.

हाताशी काय काय हवं

- गाडीचं ओनर्स मॅन्युअल. हरवलं असेल तर बहुतेक कार कंपन्या मॉडेल आणि वर्षानुसार त्याची पीडीएफ देतात.
- गाडीचं मॉडेल, बनावटीचं वर्ष आणि इंजिनाचा प्रकार: पेट्रोल की डिझेल, टर्बो आहे का, धूर गाळणारा फिल्टर (डिझेलला डीपीएफ, काही पेट्रोल गाड्यांना जीपीएफ) आहे का.
- वॉरंटीची पुस्तिका, गाडी अजून वॉरंटीत असेल तर.
- मागच्या सर्व्हिसिंगचं बिल. त्यावर कोणतं ऑइल आणि किती लिटर टाकलं ते असतं.
- कॅमेरा असलेला फोन. मागच्या लेबलचा टाइप इतका बारीक असतो की फोटो काढून मोठा करून वाचणंच सोयीचं.

१. मॅन्युअलमधलं ऑइलचं पान शोधा

अनुक्रमणिकेत ‘इंजिन ऑइल’ पाहा. नसेल तर शेवटाकडच्या तांत्रिक माहितीच्या पानांत शोधा. तिथे तीन गोष्टी मिळतील: ग्रेड (५डब्ल्यू-३० सारखा तो मोठा आकडा), दर्जाचं मानक आणि किती लिटर लागतं ते. लिटरचे आकडे बहुधा दोन असतात, फिल्टर बदलला तर किती आणि न बदलता किती. काही कंपन्या याच्या जोडीला स्वतःचा एक क्रमांकही देतात. तो दिसला तर अधोरेखित करून ठेवा, त्याचं काम सहाव्या पायरीवर आहे.

बोनेट उघडल्यावर ऑइल ओतायच्या झाकणावरही ग्रेड छापलेली दिसते. पुष्कळ जण तेवढी पाहून दुकानात जातात. झाकणावर बहुधा फक्त ग्रेड असते, दर्जा नसतो. म्हणून पान पाहायचंच.

मॅन्युअलमध्ये ‘एपीआय एसएन किंवा त्यापुढचा’ अशी भाषा असेल (ही दर्जाची अक्षरं, ती तिसऱ्या पायरीत येतात) तर ती किमान अट समजा. आणि एकाहून जास्त ग्रेड दिल्या असतील तर सोबत तापमानाचा तक्ता असतो, त्यातली आपल्या हवामानात बसणारी घ्या. तक्त्याबाहेरची ग्रेड कुणी कितीही आग्रहानं सुचवली तरी नको.

२. ग्रेड म्हणजे काय ते एकदाच नीट समजून घ्या

ग्रेड ठरवणारं मानक एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं आहे, त्याचा क्रमांक जे३००. ५डब्ल्यू-३० मध्ये दोन वेगळ्या परीक्षांचे निकाल एकत्र लिहिलेले असतात.

पहिला भाग थंडीचा. डब्ल्यू म्हणजे विंटर. हा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत जास्त वाहतं. इंजिन सुरू होण्याइतपत ते पातळ राहतं का, हे ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंश सेल्सिअसला, ५डब्ल्यूसाठी उणे ३० ला, १०डब्ल्यूसाठी उणे २५ ला आणि १५डब्ल्यूसाठी उणे २० ला तपासतात. “आमच्याकडे बर्फ पडत नाही, मग ५डब्ल्यू कशाला” असा प्रश्न येतो. उबदार हवेतसुद्धा रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल चालत्या गाडीतल्या ऑइलपेक्षा कितीतरी गाढ असतं. सकाळी चावी फिरवल्यावर ते वरच्या कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) लवकर पोचावं, हा फायदा कोणत्याही हवेत मिळतो.

दुसरा भाग गरम इंजिनाचा. १०० अंशांना ऑइलचा चिकटपणा मोजतात, त्याचं एकक सेंटिस्टोक: २० च्या ग्रेडला ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, ३० ला ९.३ ते १२.५, ४० ला १२.५ ते १६.३, ५० ला १६.३ ते २१.९.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: ५डब्ल्यू-३० म्हणजे थंड असताना ५ इतकं पातळ आणि तापल्यावर ३० इतकं घट्ट होणारं ऑइल. तसं होत नाही. कोणतंही इंजिन ऑइल तापलं की पातळच होतं. ५डब्ल्यू-३० चा चिकटपणा ४० अंशांना साधारण साठ सेंटिस्टोकच्या आसपास असतो आणि १०० अंशांना दहा-बारावर उतरतो. मल्टिग्रेड, म्हणजे असे दोन आकडे असलेल्या ऑइलची करामत एवढीच, की हे पातळ होणं साध्या ऑइलच्या मानानं कमी असतं.

आता ज्या बाबीकडे दुकानात कुणाचंच लक्ष जात नाही, ती. चालत्या इंजिनात बेअरिंग आणि पिस्टन रिंगांपाशी ऑइल १०० अंशांहून जास्त तापतं, आणि दोन धातूंच्या फटीत प्रचंड वेगानं घासलंही जातं. म्हणून १५० अंशांना, घासणीखाली चिकटपणा मोजण्याची आणखी एक परीक्षा असते. तिला एचटीएचएस म्हणतात. ३० च्या ग्रेडला जे३०० नुसार हा आकडा किमान २.९ लागतो, वरची मर्यादा नाही. त्यामुळे २.९ च्या थोडं वर असलेलं, इंधन वाचवण्यासाठी बनवलेलं ऑइलही ५डब्ल्यू-३० आणि ३.५ च्या वरचं, दणकट बनवलेलं ऑइलही ५डब्ल्यू-३०. पुढून दोन्ही डबे सारखे. पण ज्या इंजिनाची बेअरिंगं ३.५ च्या हिशेबानं बनवली आहेत, त्याला पहिलं ऑइल अपुरं पडतं. डब्यावर एचटीएचएसचा आकडा सहसा छापत नाहीत. तो कळतो दर्जाच्या अक्षरांवरून, आणि म्हणूनच ती अक्षरं वाचायची.

३. एपीआयची अक्षरं वाचा

एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. पेट्रोल इंजिनांच्या ऑइलचे त्यांचे वर्ग एस या अक्षरानं सुरू होतात आणि डिझेलचे सी या अक्षरानं. एसनंतरचं अक्षर वर्णमालेत जितकं पुढे, तितका वर्ग नवा. मधली काही अक्षरं वापरलेलीच नाहीत, तेव्हा एसके किंवा एसओ सापडला नाही तर शोधत बसू नका.

आजच्या गाड्यांना कामाचे वर्ग असे:

- एसजे: २००१ आणि त्याआधीच्या इंजिनांसाठी.
- एसएल: २००४ आणि त्याआधीच्या.
- एसएम: २०१० आणि त्याआधीच्या.
- एसएन: ऑक्टोबर २०१० मध्ये आला. मे २०१८ मध्ये त्याला एसएन प्लस ही पुरवणी जोडली गेली.
- एसपी: मे २०२० पासून.
- एसक्यू: मार्च २०२५ अखेरीपासून.

एसएच आणि त्यामागचे सगळे वर्ग एपीआयनं कालबाह्य ठरवले आहेत. तरीही एसएफ किंवा एसजी लिहिलेले स्वस्त डबे विक्रीला दिसतात. एसएफ हा १९८८ पर्यंतच्या इंजिनांचा वर्ग आहे. एसए तर १९३० पर्यंतच्या इंजिनांचा, त्यात गाळ धुणारी किंवा झीज थांबवणारी रसायनं नसतात. आजच्या गाडीत यांतलं काहीही टाकायचं नाही. किमतीत वाचलेले पैसे इंजिनातल्या काळ्या गाळाच्या रूपानं सव्याज परत जातात.

एस वर्गांचा नियम सोपा आहे: नवा वर्ग जुन्याच्या जागी चालतो. मॅन्युअलमध्ये एसएन लिहिलं असेल तर एसपी किंवा एसक्यू टाकता येतं. उलट चालत नाही. (कॅमशाफ्ट थेट सपाट टॅपेटवर घासणारी जुनी, जपून ठेवलेली इंजिनं याला अपवाद आहेत. त्यांना झीज रोखणारं फॉस्फरस-जस्ताचं रसायन जास्त लागतं, आणि नव्या वर्गांच्या पातळ ग्रेडमध्ये ते मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, कारण फॉस्फरसनं एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो.)

नवा वर्ग काढण्यामागे कारण काय असतं, हे एका उदाहरणावरून कळेल. लहान टर्बो इंजिनं आली, त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाऊ लागलं. चढावर वरचा गियर ठेवून, कमी आरपीएमला अॅक्सिलरेटर दाबला की या इंजिनांत कधीकधी स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेट घेतं. ऑइल आणि पेट्रोलचे बारीक थेंब त्याची ठिणगी ठरतात. याला एलएसपीआय म्हणतात. त्यातला दाबाचा धक्का इतका जबर असतो की पिस्टनला तडा जाऊ शकतो. तपासात दिसलं, की ऑइलमधली कॅल्शियमवर आधारलेली धुणारी रसायनं या प्रकाराला खतपाणी घालतात. मग कॅल्शियमचा काही भाग काढून मॅग्नेशियम घालण्यात आलं. एसएन प्लसची परीक्षा यासाठीच आली. एसपीमध्ये ती कायम राहिली आणि तिच्या जोडीला टायमिंग चेनच्या झिजेची परीक्षा आली. एसक्यूमध्ये वापरून जुनं झालेलं ऑइलही हे संरक्षण देतं का, तेही तपासतात. तुमची गाडी टर्बो पेट्रोल आणि डायरेक्ट इंजेक्शनची असेल, तर मॅन्युअलमध्ये नुसतं एसएन लिहिलेलं असलं तरी मी एसपी किंवा एसक्यूच घ्यायला सांगेन. इथे नव्या अक्षराचा फायदा खरा आहे.

डिझेलच्या सी वर्गांत सीआय-४, सीजे-४ आणि डिसेंबर २०१६ पासूनचा सीके-४ असे वर्ग भेटतील. हे मुख्यतः ट्रक-बसच्या इंजिनांसाठी लिहिलेले आहेत. बऱ्याच डिझेल कारचं मॅन्युअल एपीआयऐवजी युरोपीय मानक मागतं, ते पाचव्या पायरीत येतं. सीके-४ सोबतच आलेला एफए-४ हा वर्ग काही ठरावीक ट्रक इंजिनांसाठीच आहे, कारमालकानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

एखाद्या डब्यावर ‘सीके-४/एसएन’ असं जोडनाव असतं. जे अक्षर आधी, त्या इंजिनासाठी ते ऑइल मुख्यतः बनवलेलं. अशा डिझेल ऑइलमध्ये फॉस्फरसची मर्यादा सैल असते, म्हणून पेट्रोल कारमध्ये ते कायम वापरण्याची सवय लावून घेऊ नका.

४. नुसत्या अक्षरांवर थांबू नका, शिक्का पाहा

एपीआयचा परवाना असलेल्या ऑइलच्या डब्यावर एक गोल शिक्का असतो, मधे भोक असलेल्या डोनटसारखा. वरच्या अर्ध्या कडीत वर्ग (एपीआय सर्व्हिस एसपी), मधोमध ग्रेड, खालच्या कडीत ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे इंधनबचतीचे शब्द असतील तर ते. हा शिक्का परवान्याशिवाय लावता येत नाही. ‘एपीआय एसपी दर्जाचं’ हे शब्द मात्र कुणीही छापू शकतो. म्हणून शब्द आहेत आणि शिक्का नाही, असा डबा दिसला तर सावध व्हा. परवानाधारक ऑइलची यादी एपीआयनं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. नाव टाकून दोन मिनिटांत खातरजमा होते.

दुसरी खूण किरणांच्या चक्रासारखी असते, तिला स्टारबर्स्ट म्हणतात. ती आयएलसॅकची, म्हणजे अमेरिकी आणि जपानी कार कंपन्यांच्या मानकाची. एपीआयच्या परीक्षा आणि वर इंधनबचतीची अट, असं त्याचं स्वरूप. सध्याची मानकं जीएफ-६ आणि जीएफ-७ अशी लिहिलेली दिसतील. ए आणि बी या दोन फाट्यांकडे लक्ष द्या: जीएफ-६ए जुन्या गाड्यांनाही चालतं, जीएफ-६बी फक्त ०डब्ल्यू-१६ या अतिपातळ ग्रेडसाठी आहे आणि त्यावर स्टारबर्स्टऐवजी ढालीच्या आकाराची वेगळी खूण असते. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-१६ लिहिलेलं नसेल तर ढालीचा डबा खाली ठेवा.

५. गाडी युरोपीय असेल किंवा डीपीएफ असेल तर एसीईए समजून घ्या

हा भाग सावकाश वाचा. पैशाचं सगळ्यांत मोठं नुकसान होऊ शकतं ते इथे.

एसीईए ही युरोपातल्या कार उत्पादकांची संघटना. तिच्या ऑइल-मानकांत कारसाठी दोन घराणी आहेत. ए/बी घराणं पेट्रोल आणि हलक्या डिझेल इंजिनांचं: ए३/बी४, ए५/बी५, आणि २०२१ च्या आवृत्तीत आलेलं ए७/बी७. सी घराणं धूर गाळणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांचं: सी२, सी३, सी४, सी५, सी६ वगैरे. तिसरं ई घराणं ट्रकचं, ते सोडून द्या.

दोन घराण्यांत फरक राखेचा. ऑइल स्वच्छ ठेवणाऱ्या आणि आम्ल मारणाऱ्या रसायनांत धातू असतात. थोडं ऑइल नेहमीच जळतं आणि त्या धातूंची राख एक्झॉस्टमधून डीपीएफमध्ये जाऊन बसते. डीपीएफमध्ये साचलेली काजळी गाडी मधूनमधून स्वतःच जाळून टाकते. राख मात्र जळत नाही. ती साचत जाते, फिल्टर तुंबतो, आणि मग तो काढून साफ करणं किंवा बदलणं एवढाच मार्ग उरतो. म्हणून सी घराण्यात राखेवर मर्यादा घातली आहे: सी२, सी३ आणि सी५ मध्ये जास्तीत जास्त ०.८ टक्के, सी४ मध्ये ०.५ टक्के. ए३/बी४ मध्ये ती १.६ टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे दुप्पट.

याचा अर्थ ए३/बी४ वाईट असा नाही. डीपीएफ नसलेल्या, तसं मानक मागणाऱ्या गाडीला ते उत्तम ऑइल आहे. त्यात आम्ल मारण्याची ताकद जास्त असते, आणि इंधनात गंधक जास्त असेल तिथे ती उपयोगी पडते. पण डीपीएफच्या गाडीत ते घातलं तर गाडी लगेच तक्रार करत नाही, आणि फसायला होतं ते त्यामुळेच. फिल्टर तुंबून दिवा लागेपर्यंत कारण विस्मरणात गेलेलं असतं.

दुसरा सापळा आकड्यांचा. एपीआयच्या अक्षरांची सवय झालेला माणूस सी५ म्हणजे सी३ ची सुधारित आवृत्ती समजतो. एसीईएचे आकडे अशी चढती पायरी नाहीत. सी३ मध्ये एचटीएचएस किमान ३.५ लागतो, सी२ मध्ये किमान २.९, सी५ मध्ये २.६ ते २.९. म्हणजे सी५ हे सी३ पेक्षा मुद्दाम पातळ ठेवलेलं ऑइल आहे. सी३ मागणाऱ्या इंजिनात सी५ टाकणं म्हणजे बेअरिंगवरचा ऑइलचा थर स्वतःच्या हातानं कमी करणं. इथे ‘नवं चालतं’ हा नियम विसरायचा. मॅन्युअलमध्ये जे अक्षर आणि जो आकडा, नेमकं तेच डब्यावर हवं.

आणखी एक: एसीईए स्वतः कोणत्याही ऑइलला प्रमाणपत्र देत नाही. ऑइल कंपनी परीक्षा करून स्वतःच्या जबाबदारीवर तसं जाहीर करते. त्यामुळे इथे शिक्का शोधू नका. कंपनी किती जबाबदार आहे यावर भरवसा ठेवावा लागतो, आणि म्हणूनच पुढची पायरी कामाची.

६. कार कंपनीचा स्वतःचा क्रमांक असेल तर तोच शेवटचा शब्द

काही कार कंपन्या सार्वजनिक मानकांवर समाधान मानत नाहीत, स्वतःच्या इंजिनांवर वेगळ्या परीक्षा घेतात. फोक्सवॅगनचे ५०२ ००, ५०४ ००/५०७ ००, ५०८ ००/५०९ ००, मर्सिडीजचे २२९.५, २२९.५१, २२९.५२, बीएमडब्ल्यूचं लाँगलाइफ-०४, जनरल मोटर्सचं डेक्सॉस, असे हे क्रमांक. मॅन्युअलमध्ये यांतला क्रमांक असेल तर एपीआय-एसीईए दुय्यम. गाडी वॉरंटीत असेल तर विषय तिथेच संपतो, तो क्रमांक असलेलंच ऑइल घ्यायचं.

इथेही मोठा म्हणजे चांगला हे गणित लागू नाही. ५०८ ००/५०९ ०० हे ०डब्ल्यू-२० ग्रेडचं पातळ ऑइल ठरावीक नव्या इंजिनांसाठी आहे. ५०४ ००/५०७ ०० मागणाऱ्या जुन्या इंजिनात ते चालत नाही. घोटाळा होऊ नये म्हणून त्याला हिरवट रंगही दिलेला असतो.

आता लेबलची भाषा नीट बघा. ‘एमबी-अप्रूव्हल २२९.५१’ याचा अर्थ मर्सिडीजनं ते ऑइल तपासून मंजूर केलं आहे. ‘२२९.५१ च्या गरजा पूर्ण करतं’, ‘२२९.५१ साठी योग्य’, ‘२२९.५१ च्या तोडीचं’ यांतल्या कोणत्याही वाक्याचा अर्थ तसा नाही. तो ऑइल विकणाऱ्याचा दावा आहे. दावा खरा असूही शकतो, पण वॉरंटीच्या वादात मंजुरी आणि दावा यांचं वजन सारखं नसतं. दोन्ही गोष्टी एकाच लेबलवर, एकाखाली एक, सारख्याच टायपात असतात. वर ‘अप्रूव्हल्स’ असं शीर्षक आणि त्याखाली दोन-तीन क्रमांक, मग थोडी जागा सोडून ‘शिफारस’ आणि त्याखाली दहा क्रमांक. तुमचा क्रमांक कोणत्या शीर्षकाखाली आहे ते फोटो मोठा करून पाहा.

७. ‘सिंथेटिक’ या शब्दाला किती किंमत द्यायची

मिनरल, सेमी-सिंथेटिक, फुल्ली सिंथेटिक हे बनवण्याच्या पद्धतीबद्दलचे शब्द आहेत. दर्जाचे वर्ग नव्हेत. ‘सेमी’ म्हणजे किती टक्के, हेही लेबलवरून कळत नाही. चांगलं सिंथेटिक ऑइल थंडीत जास्त वाहतं आणि उष्णतेत कमी उडून जातं, हे खरं. पण ०डब्ल्यू-२० एसपी किंवा ५डब्ल्यू-३० सी३ सारख्या अटी पुऱ्या करायच्या तर ऑइलचा पाया चांगलाच घ्यावा लागतो. दर्जाची अक्षरं बरोबर असतील तर या शब्दाची चिंता करू नका. आणि अक्षरं नसलेल्या ‘फुल्ली सिंथेटिक’ला भुलू नका.

८. आता तीन डबे वाचून पाहू

समजा गाडी डीपीएफ असलेली डिझेल आहे आणि मॅन्युअल सांगतं: ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३, एमबी-अप्रूव्हल २२९.५१. काउंटरवर तीन डबे आहेत.

पहिला: ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी, आयएलसॅक जीएफ-६ए. शिक्का आहे, स्टारबर्स्ट आहे, तिघांत सगळ्यांत नवं अक्षर आहे. पण ही सगळी पेट्रोल इंजिनाची मानकं. सी३ चा उल्लेख नाही, म्हणजे एचटीएचएस ३.५ असल्याचा आणि राख मर्यादेत असल्याचा भरवसा नाही. बाद.

दुसरा: ५डब्ल्यू-३०, एसीईए ए३/बी४, एपीआय एसएन, ‘पेट्रोल व डिझेल दोन्हींसाठी’. एचटीएचएस भरपूर, डिझेलच्या परीक्षाही झालेल्या. राख मात्र डीपीएफला न परवडणारी. बाद.

तिसरा: ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३, एपीआय एसएन, एमबी-अप्रूव्हल २२९.५१ आणि २२९.५२. एपीआयचं अक्षर पहिल्यापेक्षा जुनं आहे, तरी गाडीचं ऑइल हेच.

वाचण्याचा क्रम ध्यानात आला असेल. आधी कार कंपनीचा क्रमांक, मग एसीईए किंवा एपीआय यांपैकी मॅन्युअल जे मागतं ते, मग ग्रेड. ब्रँड सगळ्यांत शेवटी. नावाजलेल्या कंपनीचं चुकीच्या वर्गातलं ऑइल चुकीचंच ठरतं.

डबा ठरला की झाकणाखालचं सील आणि बॅच क्रमांक पाहा. सील उसवलेलं किंवा बॅच क्रमांक खरवडलेला असेल तर दुसरा डबा मागा.

९. टाकताना आणि टाकल्यावर

नवं ऑइल टाकताना फिल्टर बदला आणि ड्रेन प्लगचा वॉशर नवा घाला. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि सपाट जागेवर डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पाहा. मग थोडं थोडं ओतत वरच्या खुणेपर्यंत आणा. वरच्या आणि खालच्या खुणेत बहुतेक कारमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. “थोडं जास्त असलं तर बरं” हे ऑइलच्या बाबतीत खोटं आहे. पातळी खूप चढली तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळ ऑइल बेअरिंगवर टिकत नाही.

नव्यांना हमखास पडणारे काही प्रश्न:

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं का? रंगावरून काही ठरत नाही. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच वेळात काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

ऑइल कमी झालंय आणि तेच ऑइल मिळत नाही, तर? ग्रेड आणि वर्ग जुळणारं दुसऱ्या ब्रँडचं थोडं ऑइल टाकून गाडी चालवता येते. कमी ऑइलवर चालवण्यापेक्षा ते कधीही बरं. फक्त ते नेहमीचं करू नका.

ऑइलची पातळी आपोआप वाढली, तर? दुर्लक्ष करू नका. डीपीएफच्या गाडीत काजळी जाळण्यासाठी जास्तीचं डिझेल फवारलं जातं. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच फिरत असेल तर ते पुरतं न जळता ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक नाकाशी धरली तर इंधनाचा वास येतो. असं ऑइल पातळ झालेलं असतं. मुदत बाकी असली तरी बदला, आणि गॅरेजमध्ये कारण शोधायला लावा.

वेगळ्या बाटलीतलं ‘ऑइल ट्रीटमेंट’ घालावं का? नको. मंजूर ऑइलमधल्या रसायनांचा मेळ परीक्षा देऊन जमवलेला असतो. त्यात बाहेरचं काही ओतलं की त्या परीक्षांचा निकाल लागू राहत नाही.

कारचं उरलेलं ऑइल मोटरसायकलला चालेल का? बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी रसायनं तो घसरवू शकतात. मोटरसायकलसाठी जासो या जपानी संस्थेचं एमए हे वेगळं मानक आहे, ते पाहून घ्या.

काढलेलं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. रिकाम्या डब्यात भरून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला किंवा केंद्राला द्या.

१०. मुदत पाळा आणि नोंद ठेवा

मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि महिने अशा दोन मुदती असतात. जी आधी संपेल ती धरायची. गाडी वर्षभर उभीच राहिली तरी ऑइलात ओलावा आणि आम्ल जमतंच. त्याच पानावर ‘खडतर वापर’ असा वेगळा रकाना असतो. त्याचं नाव वाचून तो डोंगरात फिरणाऱ्यांसाठी असेल असं वाटतं. प्रत्यक्षात छोट्या फेऱ्या, ट्रॅफिकमध्ये रांगणं, इंजिन चालू ठेवून उभं राहणं आणि धूळ हे सगळं त्यात येतं. शहरात रोज ऑफिसला जाणाऱ्या बहुतेक गाड्या याच रकान्यात बसतात. तेव्हा तुमची मुदत तिथली छोटी मुदत आहे.

प्रत्येक वेळी तारीख, किलोमीटर, ऑइलचं पूर्ण नाव, ग्रेड, वर्ग, मंजुरीचा क्रमांक आणि किती लिटर टाकलं, एवढं लिहून ठेवा. बिलावर नुसतं ‘इंजिन ऑइल’ लिहिलं असेल तर तिथल्या तिथे पूर्ण नाव लिहून मागा. मागच्या लेबलचा फोटो बिलाच्या फोटोसोबत ठेवा. गॅरेजमध्ये ऑइल मोठ्या ड्रममधून काढून टाकत असतील तर ड्रमवरचं लेबल पाहायला मागा आणि त्याचा फोटो घ्या. लेबल दाखवायला नकार मिळाला तर सीलबंद डबा स्वतः नेऊन समोर टाकून घ्या.